दोन दात आणि लास्ट पोस्ट

रफीक नदाफ यांचे वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात काढायचे, हे मी सहा वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. न काढायचं त्यांनी त्याच्याही आधी ठरवलेलं होतं. मी दातांची डॉक्टर. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझा दवाखाना आहे, आणि या शहरात कडक भाकरी खाल्ली जाते तोवर मला पेशंटची ददात नाही. हट्टी पेशंटही मी पुष्कळ पाहिलेत. पण दात हलतायत, हिरड्यांतून रक्त येतंय, साखर अडीचशेच्या खाली उतरत नाही, आणि माणूस खुर्चीत पडून मला शांतपणे सांगतोय, "अजून थोडं दिवस सांभाळा म्याडम, एक साब जायचे हायती," असा पेशंट मात्र मला आधी भेटला नव्हता.

"कुठं जायचेत?" मी विचारलं.

त्यांनी एक बोट वर केलं. मी पंख्याकडे बघितलं. पंखा व्यवस्थित चालू होता.

मग समजलं ते असं. रफीकचाचा फौजेत बिगुलर होते. सतराव्या वर्षी खडकीला सॅपर्समध्ये भरती झाले, म्हणजे पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या फौजेत, आणि हवालदार होऊन परत आले. राहतात लष्कर भागात. लष्करातून सुटून लष्करात राहायला आलो, हा विनोद ते प्रत्येक भेटीत करतात आणि स्वतः हसत नाहीत. निवृत्तीनंतर काही वर्षं ते लग्नाच्या बँडमध्ये होते. नवरदेव वेळेवर येत नाहीत, एवढ्याच कारणावरून त्यांनी ते काम सोडलं.

बिगुलाला बटणं नसतात. सगळे सूर ओठांनी काढायचे, आणि ओठांना मागून आधार पुढच्या दातांचा. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. चाचांनी माझ्याच खुर्चीत बसून, माझाच आरसा हातात घेऊन मला शिकवलं. दात गेले की वारा निसटतो आणि वारा निसटला की सूर मरतो. कवळी लावून वाजवणारा एक जण त्यांनी पाहिला होता. म्हणाले, "कवळी पुढं, सूर मागं."

आता त्यांना दात कशासाठी हवे होते, ते सांगते. घरी म्हातारपणानं गेलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला सरकारी मानवंदना मिळत नाही. भजन मिळतं, नातेवाईक मिळतात, नातेवाईकांची भांडणंही मिळतात, बिगुल मिळत नाही. म्हणून जिल्ह्यात कुणी जुना सैनिक गेला की चाचांना फोन येतो. ते एसटीनं जातात. खाली ठेवलेल्या माणसासमोर ताठ उभे राहून आधी लास्ट पोस्ट वाजवतात. फौजेत हा रोजचा दिवस संपल्याचा बिगुल, आणि कुणी गेलं की त्याच्या आयुष्याचा दिवस संपल्याचा. मग दोन मिनिटं कुणी हलायचं नाही. मग राऊज. राऊज म्हणजे पहाटे जवानांना उठवायचा बिगुल. तो झाला की चाचा चहा घेतात आणि परत येतात. तेवीस वर्षं हे चालू होतं. हिंदू, मुसलमान, लिंगायत, ख्रिस्ती असा कुठलाही फरक त्यांनी केला नाही. रागवायचे फक्त एकाच गोष्टीवर, दोन मिनिटांत कुणाचा मोबाईल वाजला तर.

त्यांचा सत्कारही दरवर्षी होतो. आबासाहेब म्हणून एक पुढारी आहेत, ते जुलैत सभागृह घेऊन माजी सैनिकांना बोलावतात. शाल, श्रीफळ, टॉवेल आणि चाळीस मिनिटं आबासाहेब. चाचा शाली घरी नेत नाहीत, कारण त्यांच्या बायकोनं, गुलबानोचाचींनी, शालींना कपाट बंद केलंय. ते त्या माझ्या दवाखान्यात आणून ठेवतात. माझ्या बाहेरच्या बाकड्यावर चार शाली आहेत, आणि अक्कलदाढ काढून घ्यायला आलेली माणसं त्यांच्यावर मोठ्या सन्मानानं बसलेली असतात. एका वर्षी निवेदकानं चाचांना माईकवर विचारलं, "एकाहत्तरच्या युद्धात आपण किती शत्रू मारले?"

"एकबी न्हाय," चाचा म्हणाले. "उठवले मात्र लई. आपलेच."

निवेदकानं टाळ्या वाजवायला सांगितल्या. लोकांनी वाजवल्या.

जे साब जायचे होते ते सुभेदार शिवलिंगप्पा बिराजदार, मुक्काम मैंदर्गी, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांची तब्येत उत्तम होती. माझी अडचण तीच होती. चाचा दर महिन्याला त्यांना फोन करून विचारायचे, "साब, तबियत?" तिकडून सुभेदार विचारायचे, "नदाफ, दात?" दोघांचंही उत्तर एकच, "हायती अजून." मी तारेनं बांधून, सिमेंट लावून, खरवडून, औषधं देऊन ते दोन दात जागेवर ठेवत होते. एक दिवस मनात आलं, आपण दातांवर इलाज करतोय की सुभेदारांची वाट बघतोय? मग माझीच मला लाज वाटली.

सुभेदारांसाठी वाजवायचं हे वचन कुठलं, ते चाचांनी मला तीन भेटींत सांगितलं, कारण तोंडात माझी हत्यारं असायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेच्या आघाडीवर त्यांच्या टोळीतले दोघं सुरुंग काढताना गेले. एक मोहोळचा, प्रभु नावाचा, एक जेऊरचा, श्रीमंत नावाचा. चाचा तेव्हा अठरा वर्षांचे होते. बिगुल काढला, तर हवालदारानं हात धरला. शत्रू हाकेच्या अंतरावर होता, आवाज करायचा नव्हता. दोघंही बिगुलाशिवाय गेले. तो हवालदार म्हणजे शिवलिंगप्पा. ते टोळीचं सामान सांभाळायचे. फावडी, दोर, मोजे, सगळं वहीत लिहून द्यायचे आणि सही घेतल्याशिवाय बुटाची नाडीसुद्धा देत नसत. त्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, 'लास्ट पोस्ट दोन, राऊज दोन. द्यायचे राहिले.'

बाहत्तर साली सुट्टी मिळाली तेव्हा दोघं ते द्यायला निघाले. हे मला पहिल्यांदा ऐकताना खरंच वाटेना. युनिफॉर्म घालून, बिगुल घेऊन दोन माणसं गाडीतून जेऊरला उतरली. दुष्काळाचं साल होतं. श्रीमंतची आई खडी फोडायच्या कामावर गेली होती. ती येईपर्यंत हे दोघं तिच्या दारात उभे. ती आली, पाटी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. शिवलिंगप्पांनी सांगितलं, तुमच्या लेकाचं एक काम राहिलंय. चाचांनी लास्ट पोस्ट वाजवली. दोन मिनिटं कुणी हललं नाही. मग राऊज वाजवला.

बाईंनी विचारलं, "ह्ये कशाचं रं?"

अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला खोटं सुचलं नाही. "उठवायचं हाय, आई."

"मग आनिक एकदा वाजव की."

त्यांनी वाजवला. बाई घराच्या दाराकडे बघत होत्या. म्हणाल्या, आनिक. असा पाच वेळा वाजवला. मग त्या म्हणाल्या, "पुरं. दमला आसशील. भाकरी खावा दोगं." पाण्याची मारामार असताना त्यांनी पिठलं केलं. दोघांनी ते सगळं खाल्लं, कारण टाकणं बरं दिसलं नसतं.

मोहोळला प्रभुच्या घरी हिशेबाप्रमाणे एक लास्ट पोस्ट आणि एक राऊज दिला. त्यानंतर एसटीत शिवलिंगप्पा म्हणाले, "नदाफ, माझं तूच वाजवायचं." चाचा म्हणाले, "व्हय साब." बस्स, एवढंच. त्या 'व्हय साब'पायी मी सहा वर्षं दोन मेलेले दात जिवंत ठेवत होते.

ही गोष्ट सांगून पुरी झाली त्या दिवशी त्यांची साखर तपासायची मी विसरले.

गेल्या नोव्हेंबरात चाचा आले ते गालाला रुमाल लावून. सोबत गुलबानोचाची. गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता, अंगात ताप. हा पू रक्तात गेला असता तर सुभेदारांच्या आधी चाचाच गेले असते, आणि त्यांच्यासाठी वाजवायला जिल्ह्यात दुसरा माणूस नव्हता. मी तसं स्पष्ट बोलले. जरा मोठ्यानं बोलले, बाहेर शालींवर बसलेल्या पेशंटनाही ऐकू गेलं.

"पाच दिवस औषध घ्यायचं. सोमवारी दोन्ही दात काढायचे. आता चर्चा नाही."

चाचा म्हणाले, "साबास्नी शब्द दिलाय म्याडम."

"मेरी सुनतेच नै," चाची मला म्हणाल्या. "मैं साबकूच फोन करतूं." आणि तिथंच, माझ्या टेबलाशी उभं राहून त्यांनी मैंदर्गीला फोन लावला. स्पीकरवर सगळं सांगितलं. मग सुभेदार म्हणाले, "इतवारी संध्याकाळी त्याला हितं पाठवा. बिगुल घेऊन."

रविवारी मी गाडी काढली. कुणाला त्यात माझी देशभक्ती दिसत असेल तर दिसो. ताप असलेला पेशंट एसटीनं जाऊ नये आणि सोमवारी पळून जाऊ नये, यासाठी काढली. निघण्याआधी दोन्ही दात शेजारच्या दातांना तारेनं करकचून बांधले. सुन्न करायचं इंजेक्शन देता येत नव्हतं, ओठ सुन्न झाले तर वाजवणार कसं? बांधताना चाचांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडानं ते काही बोलले नाहीत. बोलायला जागाही नव्हती.

मैंदर्गीत सुभेदार अंगणात खुर्चीवर बसले होते. स्वेटरवर दोन पदकं, डोक्यावर जुनी टोपी, समोर चालायचा वॉकर. त्यांचा मुलगा सिद्धाराम शाळेत मास्तर आहे. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, जिवंत माणसापुढं हे वाजवतात का? बरं दिसतं का ते?"

हळू बोलून उपयोग नव्हता. सुभेदारांचे कान दातांपेक्षा चांगले होते. आणि दात बत्तीस, सगळे स्वतःचे. मी मोजले.

"सिद्धाराम," ते म्हणाले, "मेल्यावर मला तुमी काय करणार? बसवणार. आपल्यात बसवूनच पुरतेत. व्हय का न्हाय?"

"व्हय अप्पा."

"लास्ट पोस्ट कुनी बसून ऐकतं काय? पलटणीत कर्नलसाब असला तरी उभा ऱ्हातो. मी सगळ्यांची उभ्यानं ऐकलीय. माझीच तेवढी बसून ऐकू? ते जमायचं न्हाय. मी उभा हाय तवर वाजवून घेतो."

मी लिंगायताच्या घरातली आहे. आजोबांना बसवून नेलेलं मी पाहिलंय. पण या बाजूनं हा प्रश्न आजवर कुणी विचारला असेल असं वाटत नाही. सुभेदार दातांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. चाचा त्यांच्याकडे नुसते बघत राहिले.

सहा वाजता सुभेदार उठले. वॉकर बाजूला सारला. सिद्धाराम धरायला पुढं झाला, त्याला त्यांनी डोळ्यांनीच मागं पाठवलं. टाचा जुळवल्या. चाचांनी चादरीच्या कापडाच्या पिशवीतून बिगुल काढला, आठ पावलं मागं गेले आणि सुरू केलं.

मला संगीतातलं कळत नाही. मी तारेकडे लक्ष ठेवून होते. पण तो शेवटचा लांब सूर आला तेव्हा मी तारेकडे बघायची थांबले, एवढं सांगते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस स्वतःच्या मरणाचा बिगुल ऐकत आधाराशिवाय उभा होता. गुडघे थरथरत होते, मान नाही. मला रडू आलं. सिद्धाराम तर कधीचा रडत होता.

दोन मिनिटं झाली. सुभेदारांनी घड्याळात बघून ती मोजली.

चाचांनी राऊजसाठी बिगुल ओठाला लावला, आणि तार तुटली. मला तो आवाज ऐकू आला. बिगुलातून नुसता वारा. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा वारा, आणि हनुवटीवर रक्त. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा सुभेदार म्हणाले, "आयतु," म्हणजे झालं, आणि खुर्चीत बसले.

"साब, राऊज राहिला," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

सुभेदारांनी कागद आणि पेन मागितलं. मांडीवर वही घेऊन सावकाश काहीतरी लिहिलं, सही केली, तारीख घातली. माझीही साक्षीदार म्हणून सही घेतली. सगळं कन्नडमध्ये. त्यांची शाळा कन्नड, आणि मला कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. चाचांना दोन्ही येत नाही.

"काय लिवलं साब?"

"स्टोअरचा कागद हाय. जपून ठेव. लागंल तवा काढ."

चाचांनी घडी करून तो बिगुलाच्या पिशवीत ठेवला.

सोमवारी मी दोन्ही दात काढले. सहा वर्षं टिकवलेले दात दोन मिनिटांत आले. पुढं कवळी बसवली. पहिल्याच दिवशी चाचांनी दवाखान्यात बिगुल वाजवून बघितला आणि कवळी माझ्या बेसिनमध्ये गेली. पुन्हा त्यांनी प्रयत्न केला नाही. पण दर भेटीला एकच वाक्य, "राऊज राहिला म्याडम." लास्ट पोस्ट दिली आणि राऊज दिला नाही, म्हणजे माणसाला झोपवलं आणि तसंच ठेवलं, असं त्यांचं म्हणणं. ते नीट जेवत नाहीत, असं चाची सांगायच्या. मी म्हटलं, तो कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. तर म्हणाले, साबांनी लागेल तेव्हा काढ म्हटलंय. हुकूम म्हणजे हुकूम.

मार्चमध्ये सुभेदार गेले. दुपारी जेवले, पान मागितलं, पान येईपर्यंत गेले. मी आणि चाचा पोचलो तेव्हा त्यांना अंगणातच फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवलं होतं. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग. गाव लोटलं होतं. आबासाहेब आधीच आलेले, सोबत दोन स्पीकर आणि एक माईक.

"चाचा, बिगुल?" आबासाहेबांनी विचारलं.

चाचांनी कवळी काढून दाखवली.

"काही काळजी करू नका. मोबाईलवर लास्ट पोस्ट आहे. स्पीकरला जोडतो. तुम्ही फक्त बिगुल तोंडाला लावून उभे राहा. फोटो चांगला येईल."

"न्हाय," चाचा म्हणाले. "साबास्नी वाजवून झालंय."

लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. आबासाहेब माईक हातात धरूनच म्हणाले, "अहो, ते तर आत्ता वारले. वाजवलं कधी?" हे दोन्ही स्पीकरमधून गावभर गेलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवीत हात घालून कागद काढला आणि सिद्धारामच्या हातात दिला. "बघ रं बाबा. आता लागला."

सिद्धारामनं आधी मनात वाचला. मग एकेक ओळ मराठीत सांगत गेला.

"लास्ट पोस्ट, एक. हवालदार नदाफ यांच्याकडून आज मिळाली. उभ्यानं घेतली. सूर बरोबर होता.

राऊज, एक. आज मिळाला नाही. सन बाहत्तरला जेऊर इथं श्रीमंतच्या आईला एक द्यायचा होता, पाच दिले गेले. जादा गेलेल्या चारांतला एक माझ्या नावे धरावा.

हवालदार नदाफ यांच्याकडे माझं काही बाकी नाही."

खाली सही, तारीख आणि साक्षीदार म्हणून माझी सही. आबासाहेबांनी स्पीकरची वायर स्वतःच्या हातानं काढली. त्या माणसाबद्दल मला बरं वाटलेला तो एकमेव प्रसंग.

चाचा खुर्चीसमोर गेले. टाचा जुळवल्या. सुभेदार बसलेले, चाचा उभे. दोन मिनिटं त्या अंगणात कुणाचाही मोबाईल वाजला नाही. मग चाचा मान न वळवता म्हणाले, "सिद्धाराम, ती शेवटची वळ आनिक एकदा वाच की."

त्यानं वाचली.

"आनिक एकदा."

त्यानं पुन्हा वाचली. बाकीची माणसं खांदा द्यायला थांबून राहिली होती.